वरची खोली एकवीस

"हो. पण खालचे आधी."

एवढं बोलून पलीकडून फोन ठेवला. मंगळवारची सकाळ, गॅसवर दूध, कडेवर मुलगी, आणि मी रिसीव्हर हातात धरून भिंतीकडे बघत उभी. आवाज जाधवकाकांचा होता. पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा तो आवाज अख्ख्या बर्मिंगहॅममध्ये दुसऱ्या कुणाचा नव्हता. पण 'हो' कशाला? खालचे कोण? मी काकांना विचारलं तरी काय होतं?

दुपारी भांडी विसळताना माझ्या डोक्यात उजेड पडला. रविवारी काका आमच्याकडे रेडिएटरमधली हवा काढायला आले होते, तेव्हा मी सहज म्हटलं होतं, "काका, हे पुढच्या वर्षी मी स्वतःच केलं तर चालेल का?" त्यावर ते अवाक्षर बोलले नव्हते. पितळी चावी खिशात टाकली, बूट घातले आणि गेले. मला वाटलं, रागावले. मी दोन दिवस ह्यांच्यामागे भुणभुण लावली होती, की अहो, काका माझ्यामुळे दुखावले, तुम्ही फोन करा. आणि हे दोन दिवस तो माणूस विचार करत होता! हो, चालेल. पण आधी खालच्या मजल्यावरचे रेडिएटर घ्या, मग वरचे. हे उत्तर.

पुढची बारा-तेरा वर्षं हे असंच चाललं. प्रश्न रविवारी विचारायचा, उत्तर आठवड्यात कधीतरी यायचं. तोवर आपण काय विचारलं होतं ते आपणच विसरलेलो. मी शेवटी फोनजवळ एक वही ठेवली. काकांना काही विचारलं की वहीत टिपायचं, म्हणजे उत्तर आल्यावर जुळवता येईल. हसू नका. डॉक्टरच्या दवाखान्यात, इथल्या भाषेत सर्जरीत, रिसेप्शनला बसणारी बाई मी, माणसांचा गोंधळ निस्तरणं हा माझा धंदा. पण ह्या एका माणसानं मला पार चक्रावून सोडलं होतं.

मी मिरजेची. आमच्याकडे थंडीची तयारी म्हणजे गोधड्या उन्हात टाकायच्या आणि डिंकाचे लाडू वळायचे, झालं. ह्यांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी लग्न होऊन ऐन ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला येऊन पडले. घराला भिंती होत्या, भिंतींना हे पांढरे पन्हाळीचे पत्रे लटकावलेले. मी त्यांच्यावर पापड वाळत घातले. ह्यांनी समजावलं, की स्वयंपाकघरात तो जमिनीवर उभा आहे तो बॉयलर, तो पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांतून घरभर फिरवतो, आणि पत्रे तापले की खोली तापते. उन्हाळाभर सगळं बंद असतं. तेवढ्या काळात पाण्यात हवा साठते, ती वर जाऊन बसते, आणि मग रेडिएटर खालून गरम नि वरून गार. म्हणून थंडी पडायच्या आत ती हवा काढायची. "कोण काढणार?" मी विचारलं. "जाधवकाका," हे म्हणाले. जसं काही ते कॉर्पोरेशनचं खातंच होतं.

आमच्या भागातल्या दहा-बारा मराठी घरांचं ते खरोखरच खातं होतं. गणपती गेले की दर रविवारी काका निघायचे. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, तपकिरी ओव्हरकोट, हातात पिठाच्या गोणीच्या कापडाची पिशवी. दसऱ्यापर्यंत सगळी घरं झाली पाहिजेत, हा नेम. आमचा दसरा तोच त्यांचा धम्मचक्राचा दिवस. त्या दिवशी ते सकाळी विहारात जायचे आणि दुपारी घरी येऊन स्वतःचा बॉयलर पेटवायचे. त्याच्या आधी कुणी हीटिंग लावलं तर त्यांना ते आवडत नसे. बोलायचे अर्थात काही नाहीत. नुसते रेडिएटरवर हात ठेवून तुमच्याकडे बघायचे, आणि तुम्ही आपण होऊन गुन्हा कबूल करायचा.

मूळचे भुसावळचे, लोको शेडमध्ये फिटर. तिथून साठच्या दशकात कधीतरी इकडे कारखान्यात टूलरूमला लागले. बॉयलर हा त्यांच्या मते इंजिनाचाच लहान भाऊ, फक्त कुठे न जाणारा. घरात आले की पिशवीतून हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक नळीला लावायचे आणि मूठ कानाला. डोळे मिटून ऐकत बसायचे. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. आमची मीनल तीन वर्षांची असताना त्यांच्यासमोर उकिडवी बसून विचारायची, "काका, बॉयलर झोपली?" काका गप्प. पुढच्या रविवारी आले, कोट काढायच्या आधी तिच्यापुढे वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "झोपला." पोरीला प्रश्नही आठवत नव्हता. ती घाबरून माझ्यामागे लपली.

फोनजवळ वही ठेवली त्याच वर्षी आमची मागची बेडरूम काही केल्या तापेना. सासूबाई मिरजेहून आल्या होत्या, त्यांना तीच खोली दिलेली. मी काकांना बोलावलं. ते आले आणि त्यांनी खालच्या खोल्यांतले रेडिएटर एकेक करून निम्मे बंद केले. मी तशी फटकळच. म्हटलं, "काका, थंडी वाजतेय म्हणून बोलावलं, आणि तुम्ही बंद कसले करत सुटलाय?" त्यांनी पुढची चावी फिरवली. संध्याकाळी मागची खोली अशी तापली की सासूबाईंनी स्वेटर काढला. मी नुसती जिन्यावरून वरखाली पळतेय, हात लावून बघतेय, खाली बंद केल्यावर वर गरम कसं? माझ्या बुद्धीला काही केल्या पटेना. गुरुवारी फोन आला. "पाणी आळशी. पहिल्याच घरात बसतं." खटकन बंद. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि पुढे कितीतरी माणसांना लावलं.

त्याच भेटीत सासूबाईंनी चहाचा कप पुढे करता करता विचारलंच, "जाधव म्हणजे कुठले हो तुम्ही?"

"भुसावळ."

"तसं नव्हे. म्हणजे मूळचे?"

काकांनी चहाचा घोट घेतला. "लोको शेड," ते म्हणाले. एवढी दोनच उत्तरं त्यांनी जागच्या जागी दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी चहा संपवला, कप विसळून जाळीवर पालथा घातला, आणि पुढच्या रविवारी वेळेवर हजर.

सासूबाईंचा दुसरा पराक्रम त्याहून मोठा. खंडेनवमी आली. मिरजेला त्या कोयता, विळी, शिलाई मशीन सगळ्याची पूजा करायच्या. इथे घरात हत्यार म्हणावं असं काय, तर बॉयलर. मी सर्जरीत गेलेली. मागे त्यांनी बॉयलर पुसला, झेंडूची फुलं मिळेनात म्हणून बागेतली शेवंती वाहिली. आता देव म्हटलं की तोंड हवं. बॉयलरला खाली एक झाकणी असते, ती सरकवली की आत बारकी निळी ज्योत दिसते. सासूबाईंना वाटलं, हेच तोंड. त्यांनी ज्योतीला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, चिमूटभर अक्षताही टाकल्या. ज्योत विझली. मी घरी आले तर बॉयलर गार, गॅसचा वास, आणि सासूबाई बॉयलरपुढे हात जोडून बसलेल्या, देव कोपला म्हणून.

मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि काकांना फोन लावला. ते कारखान्यातून तडक आले. पुढचा पत्रा काढला. आत सगळीकडे लालपिवळं. काकांनी मऊ ब्रश काढला आणि एकेक दाणा, एकेक कण झाडत बसले. सासूबाई दारात उभ्या, रडवेल्या. असा तास-दीड तास गेला. काम झाल्यावर काकांनी काडी लावली, ज्योत निळी सरळ उभी राहिली. मग त्यांनी झाडलेल्या अक्षता कागदात नीट बांधल्या आणि ती पुडी दोन्ही हातांनी सासूबाईंना दिली. ते काही मानणारे नव्हते, त्यांच्या घरी पूजाबिजा काही नसायचं. तरी दिली. आता ती त्यांनी कुठल्या अर्थानं दिली, टोमणा म्हणून की मान म्हणून, यावर माझा आणि ह्यांचा आजही वाद आहे. सासूबाईंनी मात्र पुढे मिरजेहून येताना दर खेपेला जाधवांसाठी शेंगदाण्याची चटणी आणली, न चुकता.

काकांच्या घरचं आम्हाला एवढंच ठाऊक होतं की त्यांची बायको भुसावळला असते. कुसुमताई. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. ती एकदा इकडे आली होती, लग्न नवं असताना. तेव्हा त्या घरात एकच गॅसची शेगडी होती, खिडक्यांना आतून बर्फ धरायचं. आठ महिने राहिली आणि परत गेली. थंडी सोसवली नाही. ही कथा मला ह्यांनी सांगितली, ह्यांना आणखी कुणी सांगितली. काकांना कुणी छेडलंच तर ते तीन शब्द बोलायचे, "घर थंड होतं." आणि मग म्हणे त्यांनी हट्टानं हीटिंग शिकून घेतलं, स्वतःच्या घरात एकेक नळी स्वतः टाकली. ती परत यावी आणि तिला ऊब मिळावी, ह्या एका गोष्टीसाठी. दर दसऱ्याला बॉयलर पेटला की ते तिला पत्र टाकायचे आणि आम्हाला सांगायचे, "घर तयार आहे." वर्षानुवर्षं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते जाऊन यायचे भुसावळला. ती काही यायची नाही.

एका संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले. बाहेर बर्फ. म्हटलं, एवढा मोठा हीटिंगवाला, घर कसं उबदार असेल! आत पाऊल टाकलं आणि माझ्या तोंडातून वाफ निघाली. काका स्वयंपाकघरात ओव्हरकोट, कानटोपी घालून बसलेले. रेडिएटरला हात लावला, तर तो मढ्यासारखा गार. मी काही विचारायच्या आत त्यांनी चहा टाकला. मी बाथरूमसाठी वर गेले, तर जिन्याच्या वरच्या टोकाला एक दार किलकिलं उघडं, आणि त्यातून गरम हवा येतेय. आत डोकावले. स्वच्छ खोली. पलंगावर नवी चादर, पायथ्याशी घडी घातलेली रजई, भिंतीवर थर्मामीटर. खुर्चीवर लोकरीची शाल, तिची चिठ्ठीही अजून काढलेली नव्हती. आणि पलीकडच्या खोलीत, जिथे हाडं गोठत होती, तिथे काकांची खाट आणि तीन ब्लँकेटं.

मी खाली आले. "काका, वर कोण राहतं?"

काकांनी तिळगूळ तोंडात टाकला.

बुधवारी फोन आला. "कुसुम." खटकन.

मी वही उघडली, प्रश्न जुळवला. ती तर भुसावळला! हे आल्यावर मी विचारलं, की अहो, ह्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना? आमचे हे म्हणाले, "अगं, घर गार पडलं की तापायला वेळ लागतो. ती अचानक आली तर?"

"भुसावळहून अचानक कोण येतं? व्हिसा लागतो!" मी ओरडलेच. आणि मग, का कुणास ठाऊक, मला रडू आलं. त्या गरम खोलीत स्वतः तरी झोपावं की नाही माणसानं? ह्याचं उत्तर मी मागितलं नाही, त्यामुळे ते आलंही नाही.

पुढे नियम बदलले. गॅसच्या कामाला परवाना असलेलाच माणूस लागेल, असं ठरलं. काकांनी त्या दिवसापासून कुणाच्याही बॉयलरचा पत्रा उघडला नाही. "मी आता पाण्याकडचा," म्हणायचे. परवानावाला पोरगा गॅसचं बघून गेला की हे मागून येऊन नळ्या ऐकायचे. टूलरूममधून निवृत्त झाले, तरी रविवार चुकला नाही. स्क्रूड्रायव्हरची मूठ आता दुसऱ्या कानाला लागायची; पहिल्यानं ऐकू येईनासं झालं होतं.

आणि मग एका सप्टेंबरात फोन वाजला. "येतेय."

मी वही धुंडाळली. मी काहीच विचारलेलं नव्हतं! "कोण येतंय, काका?"

फोन बंद झाला नाही. पलीकडून श्वासाचा आवाज येत होता. "कुसुम," ते म्हणाले. मग बराच वेळ थांबून, "जानेवारीत." आणि तरी फोन ठेवला नाही. मी म्हटलं, "काका, किती छान!" आणि मूर्खासारखी रडायला लागले.

कुसुमताई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी पत्रात लिहिलं होतं, की एक हिवाळा बघते, जमलं तर राहीन, नाही तर पुन्हा नाव काढू नका. काकांनी उन्हाळ्यात ये म्हणून कळवलं, तर उलट टपाली उत्तर: उन्हाळ्यात काय, कुणीही राहील. म्हणजे हा एकच हिवाळा. पंचवीस वर्षं ज्यासाठी तो माणूस थंडीत बसला, त्याचा निकाल ह्या एका जानेवारीत लागणार होता. आमच्या सगळ्या घरांना तेव्हा दुसरा विषय नव्हता. कुणी पडदे शिवून दिले, कुणी गालिचा दिला. काका माळ्यावर चढून नळ्यांना फोम गुंडाळत होते, दारांच्या फटींना पट्ट्या लावत होते. सगळं घर तापवलं. जिना अठरा अंश, पुढची खोली वीस. ते दर दोन दिवसांनी आम्हाला आकडे कळवायचे.

ती यायला आठवडा राहिला आणि काकांच्या मनानं घेतलं, की नळ्यांत गाळ आहे. असतोच. वर्षानुवर्षांच्या गंजाचा काळा चिखल तळाशी बसतो. आमचे हे म्हणाले, "काका, चाललंय ना छान? मग हात नका लावू." पण नाही. गाळ आहे म्हणजे पाणी मनासारखं फिरत नाही, पाणी फिरत नाही म्हणजे वरची खोली अर्ध्या अंशानं कमी. त्यांनी माळ्यावरच्या टाकीत साफ करायचं औषध ओतलं, तीन दिवस फिरवलं, सगळं काळं पाणी गटारात सोडलं, नवं स्वच्छ पाणी भरलं. आम्हाला फोन केला. "वरची खोली एकवीस."

ती यायच्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा फोन. "आणायला जाल?"

हे म्हणाले, "आपण एकत्रच जाणार होतो ना?"

"पाणी," काका म्हणाले.

मला इतका राग आला! बायको पंचवीस वर्षांनी येतेय, आणि हा माणूस नळ्या ऐकत घरी बसणार? आम्ही दोघंच हीथ्रोला गेलो. कुसुमताई ढकलगाडी घेऊन बाहेर आल्या. उंच, सडपातळ, सुती साडी, वर घरी विणलेला हिरवा स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. आमच्यामागे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आले नाहीत."

"नाही, म्हणजे ते येणारच होते," मी सारवासारव करायला लागले, "पण घरात जरा..."

"असू द्या," त्या म्हणाल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी मला सगळं विचारलं. मी कुठली, मुलगी कितवीत, इथे भाजी कुठली मिळते. इतकं छान, सलग बोलणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. ही बाई काकांची बायको कशी, हे कोडं मला मोटरवेभर सुटेना.

घराचं दार उघडंच होतं. आत गालिचा गुंडाळून ठेवलेला, जागोजाग बादल्या, बादल्यांत शाईसारखं पाणी. पुढच्या खोलीत, जिन्यात, वर, तीन-तीन रेडिएटर खालच्या शिवणीतून ठिबकत होते. जुना पत्रा कधीचाच गंजून त्याला भोकं पडलेली. गाळ होता म्हणून ती बुजलेली होती. गाळ गेला आणि भोकं उघडी पडली. काकांनी सगळं पाणी काढून टाकलं होतं, बॉयलर बंद. घर बाहेरच्याइतकं थंड. अति तिथे माती म्हणतात, ती अशी. काका मधोमध उभे होते, बाह्या कोपरापर्यंत काळ्या. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"एकवीस होतं," ते म्हणाले. "परवापर्यंत."

मला बघवेना. मी घाईघाईनं म्हटलं, "कुसुमताई, आमच्याकडे चला. दहा मिनिटांवर आहे, घर गरम आहे. दुरुस्ती होईपर्यंत..."

"कशाला?" त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. "मी ह्यांच्याकडे आलेय."

"पण थंडी? तुम्हाला थंडी सोसत नाही ना? मागे त्यामुळेच तर तुम्ही..."

कुसुमताई माझ्याकडे बघायला लागल्या. मग काकांकडे. "असं सांगितलंत तुम्ही सगळ्यांना?"

काका गप्प.

"अहो, थंडीला काय, स्वेटर होता मला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, वर्गात फळ्यापुढे बोलावं तसा स्वच्छ होता. "ह्यांच्या गप्प बसण्याला काय घालायचं अंगात? कामावरून यायचे, जेवायचे, भिंतीकडे बघायचे. मी काही विचारावं, तर उत्तर परवा. आठ महिने. शेजारीण इंग्रज, तिची भाषा मला येत नव्हती. मी भिंतींशी बोलायला लागले, तेव्हा म्हटलं, कुसुम, आता नीघ."

"मला वाटलं," काका म्हणाले. थांबले. "थंडी."

"मी पत्रात लिहिलं होतं. एकदा नाही, चारदा. स्पष्ट. आणि तुमचं उत्तर काय? वरची खोली एकवीस, जिना अठरा. दर दसऱ्याला! मी काय वेधशाळेत होते?"

मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून ती थंडीची गोष्ट एकमेकांना सांगितली होती. कुणाच्या डोक्यातही आलं नाही, की हा माणूस आपल्याशी असा वागतो, तर बायकोशी कसा वागत असेल! माझा सगळा राग, सगळी कीव, एकदम जागच्या जागी अडखळली. चूक कुणाची म्हणावी, तेच कळेना.

हे सामान वर ठेवून आले. मी चहा करून दिला आणि आम्ही निघालो. दारात मला हातमोज्यांची आठवण झाली, ते स्वयंपाकघरात राहिले होते. मी परत गेले. कुसुमताई खुर्चीवर बसल्या होत्या, हिरव्या स्वेटरवर काकांचा तपकिरी ओव्हरकोट, हातात कप. काका समोर पालथ्या बादलीवर. दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"बोला," त्या म्हणत होत्या. "काय झालं ते सांगा. आत्ता सांगा, परवा नको."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता काही बोलत नाही, आणि ही बाई मार्चपर्यंतही थांबत नाही. मी मोजे उचलायचे सोडून तशीच उभी राहिले.

"गाळ होता," काका म्हणाले.

"बरं."

"मला वाटलं, काढावा."

"मग?"

"मग..." काकांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाकडे इतका वेळ बघताना पाहिलं नव्हतं. "परवा दुपारी मी जिन्यात उभा होतो, कुसुम, आणि मला टप असा आवाज आला. मी म्हटलं, पाऊस असेल..."

मी हातमोजे तिथेच राहू दिले आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.